नाण्याचे गाव

पिसाहून रोमकडे निघालेली आगगाडी पश्चिमेचा समुद्र उजव्या हाताला ठेवत दक्षिणेकडे जाते. कांपिल्या मारित्तिमा या स्थानकावर उतरून, पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्योंबिनो बंदराच्या दिशेने वळले की वाटेत बाराती नावाचे एक लहानसे आखात लागते. अर्धचंद्राकार किनारा, छत्रीसारखे माथे पसरून उभे असलेले पाइन वृक्ष, एका कडेला संत चेर्बोने यांचे छोटेसे प्रार्थनामंदिर आणि मागे चढत गेलेली टेकडी. टेकडीच्या माथ्यावर तटबंदीच्या आत मावेल एवढे चिमुकले गाव आहे. त्याचे नाव पोपुलोनिया. तेथून समोरच्या समुद्रात एल्बा बेट दिसते. नेपोलियनला प्रथम हद्दपार करून ठेवले होते तेच हे बेट.

उन्हाळ्यात या किनाऱ्यावर समुद्रस्नानासाठी गर्दी होते. येथील वाळू काळसर का, आणि ती उन्हात अभ्रकासारखी का चमकते, याची चौकशी त्या गर्दीतील थोडेच लोक करीत असतील. ती चमक लोहखनिजाची आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एल्बा बेटावरचे खनिज होड्यांत भरून येथे उतरवले जाई आणि किनाऱ्यालगतच्या भट्ट्यांत त्यापासून लोखंड काढले जाई. हा उद्योग करणारे लोक म्हणजे एट्रुस्कन. रोमचा उत्कर्ष होण्यापूर्वी मध्य इटलीवर त्यांच्या नगरांचे वर्चस्व होते. आजच्या तोस्काना प्रांताला नाव मिळाले ते त्यांच्याच नावावरून. ते स्वतःला ‘रास्ना’ म्हणवत. लिपी त्यांनी ग्रीकांकडून घेतली, पण बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिली. आणि त्यांच्या भाषेचे आजच्या कोणत्याही जिवंत भाषेशी नाते लागत नाही. त्यांची बहुतेक मोठी नगरे समुद्रापासून थोडे अंतर राखून वसली होती. ऐन समुद्रकाठी उभे राहिलेले मोठे नगर हे एकच. त्यांच्या भाषेत त्याचे नाव पुप्लुना किंवा फुफ्लुना. ‘फुफ्लुन्स’ या द्राक्षमद्याच्या देवाशी ते नाव जोडले जाते.

लोखंडाच्या या धंद्याने किनाऱ्यावर लोहकिटाचे ढीग साचवले. शतकानुशतके टाकाऊ कीट पडत गेले आणि आधीच्या पिढ्यांची थडगी त्याखाली गाडली गेली. पुढे नगर ओस पडले. ग्रीक भूगोलकार स्ट्राबो इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास येथे आला, तेव्हा वरच्या नगरात देवळे आणि थोडीच घरे उरली होती; खालच्या बंदरात मात्र वस्ती होती आणि एल्बाच्या लोखंडाचे काम चालू होते. इ.स. ४१७ च्या सुमारास रुतिलिउस नामातियानुस हा रोमन अधिकारी रोमहून गॉलकडे जलमार्गाने जाताना येथून गेला, तोवर नुसते भग्नावशेष राहिले होते.

किटाच्या ढिगांचा पुढचा इतिहास अधिक विलक्षण आहे. प्राचीन भट्ट्यांना खनिजातले सगळे लोखंड काढता येत नसे; बरेचसे किटातच राहून जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई पडली तेव्हा हे ढीग उपसून कारखान्यांत पुन्हा वितळवण्यास प्रारंभ झाला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दोन हजार वर्षे बुडीत खात्यात टाकलेली रक्कम वसूल होऊ लागली. हे काम नंतरही कित्येक वर्षे चालले. कित्येक मीटर जाडीचे थर निघाले आणि खालून दगडी थडगी उघडी पडत गेली. सुमारे २८ मीटर व्यासाचे, रथांचे थडगे म्हणून ओळखले जाणारे भव्य स्मारक त्यांपैकीच एक. किटाने थडग्यांचे रक्षण केले होते आणि लोखंडाच्या हव्यासाने ती दाखवून दिली. मात्र उपसणाऱ्या यंत्रांनी त्यांतील किती तरी मोडलीही. अंतोनियो मिंतो यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी त्या धांदलीतून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले आणि नोंदवले.

नाणेसंग्राहक मंडळींना पोपुलोनियाचे नाव ठाऊक असते ते लोखंडामुळे नव्हे, चांदीमुळे. एट्रुस्कन नगरांपैकी नाणी पाडणारी नगरे मोजकीच. तार्क्विनिया आणि चेर्वेतेरी यांसारखी अतिशय धनाढ्य नगरे व्यापारात अग्रेसर होती, पण चांदीच्या नाण्यांच्या बाबतीत त्यांची पाटी जवळजवळ कोरीच आहे. कांस्याचे ओबडधोबड तुकडे तोलून व्यवहार करण्याची जुनी रीत या प्रदेशात दीर्घकाळ टिकली. चांदीची नाणी सातत्याने आणि मोठ्या प्रमाणावर पाडली ती पोपुलोनियाने. मागच्या कांपिल्याच्या टेकड्यांत तांब्याबरोबरच चांदीयुक्त शिशाचे खनिज आहे; टांकसाळ येथेच का उभी राहिली, याचे उत्तर बहुधा त्या टेकड्यांतच असावे.

या नाण्यांत सर्वांत परिचित नाणे आहे ते ‘मेतुस’चे. मेतुस म्हणजे ग्रीकांची मेडुसा, जिच्याकडे पाहणारा दगड होऊन जाई ती. वाटोळा, समोरून दिसणारा चेहरा, वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ. आपल्याकडील देवळांच्या उंबरठ्यावरचे कीर्तिमुख ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मुद्रेचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हनुवटीखाली दोन फुल्या असतात. त्या नक्षीच्या नव्हेत. त्या अंक आहेत. एट्रुस्कन लिपीत एक फुली म्हणजे दहा, म्हणून दोन फुल्यांचे वीस. रोमन अंक म्हणून जे आज घड्याळाच्या तबकडीवर दिसतात, त्यांचे जवळचे नातेवाईक हेच.

त्या काळच्या ग्रीक नाण्यांवर देवता असे, पशू असे, नगराचे नाव असे; किंमत क्वचितच लिहिलेली असे. पोपुलोनियाच्या टांकसाळीने मात्र किंमत अंकांत कोरली. हिशोबही चोख आहे. विसाचे नाणे सव्वाआठ ते साडेआठ ग्रॅमचे, म्हणजे पाऊण तोळ्याला थोडे कमी. दहाचे त्याच्या निम्मे. पाचावर घराच्या छपरासारखी खूण, आणि अडीचाचे नाणे जेमतेम एक ग्रॅमचे. हे वीस, दहा, पाच आणि अडीच बहुधा कांस्याच्या एककात मोजलेले होते. रोमने इ.स.पू. २११ च्या सुमारास दहा एककांचे चांदीचे देनारिउस नाणे काढले, तेव्हा त्याबरोबर पाचाचे आणि अडीचाचेही काढले. ही साखळी शेजाऱ्यांच्या साखळीशी इतकी जुळते की त्यांतले कोणी कोणाकडून काय घेतले, हा वाद अभ्यासकांमध्ये अटळच होता.

नाण्याची दुसरी बाजू पाहू गेल्यास बहुधा काहीच दिसत नाही. पुष्कळ नाण्यांची मागील बाजू सपाट आणि कोरी आहे. काहींवर अस्पष्ट खुणा आहेत, तर हेराक्लीसच्या मुखाच्या नाण्यावर मागे त्याची गदा आढळते. नगराचे नाव ‘पुप्लुना’ असे स्पष्ट येते ते मुख्यतः नंतरच्या कांस्य नाण्यांवर. त्यांतील एकावर लोहारांच्या देवाचे, सेथ्लान्सचे, मस्तक आहे आणि मागे हातोडा व सांडस. गावाचा धंदा गावाच्या पैशावर एवढ्या सरळपणे क्वचितच छापला गेला असेल. इ.स.पू. २०५ मध्ये सेनापती स्किपिओच्या आफ्रिकेच्या स्वारीसाठी एट्रुस्कन नगरांनी कोणकोणती मदत दिली, याची यादी इतिहासकार लिव्हीने दिली आहे. तार्क्विनियाने शिडांचे कापड दिले, चेर्वेतेरीने धान्य. पोपुलोनियाने लोखंड दिले.

आता मुख्य अडचण. ही चांदीची नाणी नेमकी कोणत्या काळातली? काही अभ्यासक त्यांचा आरंभ इ.स.पू. पाचव्या शतकात नेतात, तर कोणी कित्येक नाणी तिसऱ्या शतकापर्यंत खाली ओढतात. एवढ्या अभ्यासलेल्या नाण्यांबाबत शंभर-दोनशे वर्षांची तफावत राहावी, याचे एक मोठे कारण उघड आहे. संग्रहालयांत आणि खासगी पेट्यांत असलेल्या नाण्यांपैकी फार थोड्यांविषयी ती कोठे सापडली, कोणत्या थरात, कशाबरोबर सापडली, हे नोंदलेले आहे. बाकीची हातोहात विकत गेली. वजन, शुद्धता आणि ठशाचा तपशील मिळतो. सोबत सापडलेले मडके, शेजारचे दुसरे नाणे, खालची राख हे सगळे हरवलेले असते.

या हरवण्यात संग्राहकांचा वाटा किती, हा प्रश्न इटलीत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर सरळ नाही. या विषयाचा पाया घालणाऱ्यांमध्ये संग्राहक आणि व्यापारी यांचेच प्रमाण मोठे आहे. रोममधील किर्केरियन संग्रहालयातील ओतीव कांस्य नाण्यांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले ते मार्की आणि तेस्सिएरी या दोन येशूपंथी धर्मगुरूंनी. १९०३ मध्ये आर्थर सांबों यांनी इटलीच्या प्राचीन नाण्यांवरील ग्रंथ सिद्ध केला. ते स्वतः प्राचीन वस्तूंच्या व्यापारातले. अगदी अलीकडे, २०१२ मध्ये, एट्रुस्कन नाण्यांची ठशांनुसार बृहत्सूची प्रसिद्ध केली ती इटालो वेक्की यांनी. त्यांनीही लंडनमध्ये नाण्यांचा व्यापार आणि लिलाव केले होते. लिलावांच्या जुन्या सूची चाळून, विखुरलेली नाणी कागदावर का होईना एकत्र आणण्याचे काम अशा माणसांनी केले नसते, तर विद्यापीठांतील विद्वानांना तुलनेसाठी साधनच उरले नसते. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने एक लाखाहून अधिक नाणी जमवली आणि १९१० ते १९४३ या काळात त्यांवर आधारित वीस खंड प्रसिद्ध केले. पण त्याचा संग्रह मध्ययुगीन व अर्वाचीन नाण्यांचा. पोपुलोनियाच्या मेतुसकडे राजेसाहेबांची नजर वळली नाही, हे एका अर्थी त्या नाण्यांचे दुर्दैव. राजसंग्रह निदान १९४६ मध्ये राष्ट्राकडे आला आणि एकत्र राहिला.

नाणे जागेवर राहिले तर काय घडू शकते, याचे उदाहरण पोपुलोनियाच्या आग्नेयेस, ग्रोस्सेतोजवळच्या एका टेकडीवर पाहावयास मिळते. प्राचीन लेखकांनी वेतुलोनिया नावाच्या एका एट्रुस्कन नगराची थोरवी सांगितली होती. रोमच्या दंडाधिकाऱ्यांसमोर वाहिली जाणारी काठ्या आणि कुऱ्हाड यांची मोळी, त्यांचे मानाचे आसन, जांभळ्या काठाचे वस्त्र ही सारी चिन्हे रोमला वेतुलोनियाकडून मिळाली, असे सिलिउस इतालिकुस या कवीने म्हटले होते. परंतु हे नगर होते कोठे, हेच कोणाला सांगता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकातील विद्वान निरनिराळ्या जागा सुचवत आणि एकमेकांवर टीका करीत.

इसिदोरो फाल्की हे १८३८ मध्ये जन्मलेले गृहस्थ मोंतोपोली गावचे डॉक्टर. पुरातत्त्व हा त्यांचा व्यवसाय नव्हता, छंद होता. १८८० मध्ये ते कोलोन्ना दी बुरियानो या आडगावी गेले. तेथे आसपासच्या जमिनीत सापडलेली काही नाणी त्यांच्या पाहण्यात आली. चांदीची नव्हेत, साधी कांस्याची. अशा नाण्यांवर एका बाजूस जलराक्षसाचे कातडे डोक्यावर घेतलेला पुरुष आणि दुसऱ्या बाजूस त्रिशूळ व दोन डॉल्फिन असतात. त्यांवर एट्रुस्कन अक्षरे होती: ‘वात्ल’. फाल्कींनी त्यात वेतुलोनियाचे एट्रुस्कन नाव वाचले आणि हरवलेले नगर ते हेच, असे प्रतिपादन केले.

प्रस्थापित विद्वानांना एका ग्रामीण डॉक्टरचा हा निष्कर्ष रुचला नाही आणि वाद दीर्घकाळ धुमसत राहिला. फाल्कींनी उत्खनन चालू ठेवले आणि टेकडीभोवतीची समृद्ध थडगी एकामागून एक उजेडात आली. १८८७ मध्ये राजाज्ञेने कोलोन्ना हे नाव बदलून गावाला वेतुलोनिया हे त्याचे जुने नाव परत देण्यात आले. १८९८ मध्ये एका थडग्यात लोखंडी काठ्या आणि दुधारी कुऱ्हाड यांची लहानशी मोळी निघाली. कवीचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते, असे त्यानंतर पुष्कळांना वाटू लागले. आज त्या गावात फाल्कींच्या नावाचे संग्रहालय आहे. खाली पसरलेले सपाट शेत म्हणजे एके काळचे प्रीले सरोवर. ते आटल्यामुळे समुद्राशी असलेले गावाचे नाते आज नकाशावरूनच समजून घ्यावे लागते.

त्या कांस्य नाण्यांना बाजारात त्या वेळी किती लिरा आले असते? फार नव्हे. एखाद्या फिरत्या दलालाने ती उचलून फ्लॉरेन्सला नेली असती, तर ‘वात्ल’ ही अक्षरे तेथेही वाचली गेली असती; पण ती कोणत्या टेकडीवरची, हे कोणी सांगू शकले नसते. कर्जाला तारण म्हणून जमीन घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागण्याची पद्धत आपल्याकडे आहे. जमीन कितीही सुपीक असो, मालकीची साखळी तुटलेली असेल तर कागद पुढे सरकत नाही. पुरातन नाण्यांच्या व्यापारात मात्र वर्षानुवर्षे चमक पाहून व्यवहार होत आले आणि ‘जुन्या संग्रहातून’ एवढे दोन शब्द साखळी म्हणून पुरले.

स्थळाचे महत्त्व ओळखणारे एक दालन फ्लॉरेन्समध्ये होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुईजी आद्रियानो मिलानी यांनी तेथील पुरातत्त्व संग्रहालयात एट्रुरियाचे स्थलवार दालन उभारले. वस्तू धातूनुसार किंवा सौंदर्यानुसार न मांडता त्या ज्या नगरात सापडल्या त्या नगराच्या नावाखाली मांडल्या. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीला आलेल्या महापुरात तळमजल्यावरचे हे दालन चिखलात बुडाले. बाहेर काढलेल्या वस्तू स्वच्छ करण्यात आणि पुन्हा जोडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली.

इटलीचा कायदा या बाबतीत कडक आहे. १९०९ पासून जमिनीतून निघालेली पुरावस्तू राज्याची मानली जाते. आजच्या नियमानुसार योगायोगाने काही सापडले तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते आणि शोधणाऱ्यास तिच्या किमतीच्या चौथ्या हिश्शापर्यंत बक्षीस मिळू शकते. आधीपासून कायदेशीर मालकीत असलेली नाणी बाळगण्यास मनाई नाही; कागद मात्र हवेत. पुरावस्तूंच्या चोऱ्यांसाठी काराबिनिएरी दलाने १९६९ मध्ये खास पथक उभारले. तरीही रात्री धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळणारे थडगेचोर संपलेले नाहीत. चोरलेले नाणे खिशात मावते, मूर्ती मावत नाही. त्यामुळे नाण्यांचा माग काढणे सर्वांत अवघड.

इटलीबाहेरच्या खरेदीदारांवरही आता जबाबदारी येऊ लागली आहे. अमेरिकेने इटलीशी २००१ मध्ये केलेल्या कराराच्या कक्षेत २०११ पासून प्राचीन नाणीही आली. २०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका नाणे-प्रदर्शनात एका नामांकित शल्यविशारदाला अटक झाली. सिसिलीत नुकतीच खणून काढलेली आहेत, अशी स्वतःचीच समजूत असलेली ग्रीक नाणी तो विकू पाहत होता. तपासणीत ती नाणी बनावट निघाली! चोरीची म्हणून जी घेतली ती खोटीही होती. न्यायालयाने त्याला समाजसेवा करण्यास सांगितले, त्याचबरोबर मूळस्थान न सांगता होणाऱ्या नाणेव्यापारावर नाणेशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिण्यासही फर्मावले. शिक्षा म्हणून लेख लिहावा लागल्याची उदाहरणे विरळाच.

पोपुलोनियाच्या वरच्या गावात एक छोटे खासगी संग्रहालय आहे. गास्पारी कुटुंबाने जमवलेल्या एट्रुस्कन आणि रोमन वस्तू तेथे ठेवलेल्या आहेत. मूळ भूमीपासून काही पावलांवर राहिलेला असा खासगी संग्रह पाहिला, म्हणजे संग्राहकांविषयी सरसकट मत बनवणे कठीण होते. माथ्यावर प्राचीन देवळांचे चौथरे मोकळे केलेले आहेत. इटलीतील निरनिराळ्या विद्यापीठांचे विद्यार्थी येथे अनेक वर्षे उत्खनन करीत आले आहेत. लहानसे गंजलेले कांस्य नाणे निघाले तरी त्याची जागा, खोली आणि थर लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही.

प्रवाशाने परतताना प्योंबिनोच्या संग्रहालयात थांबावे. पोपुलोनियाच्या भूभागातील वस्तू तेथे आहेत. परंतु दालनात गर्दी असते ती चांदीच्या एका घटापाशी. १९६८ मध्ये बारातीच्या समुद्रात एका कोळ्याला तो सापडला. त्यावर १३२ लंबवर्तुळाकार पदके कोरलेली आहेत आणि प्रत्येकात एक आकृती आहे. तो एट्रुस्कन नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकात, बहुधा सिरियातील अँटिऑक नगरीत तो घडवला गेला असावा. कोणत्या जहाजातून, कोणासाठी तो चालला होता, याचा पत्ता नाही. सूचीत त्याची नोंद ‘बारातीचा घट’ अशीच आहे.